पालिकेत काम कसं काढायचं: घराचा परवाना एका टेबलावर, गल्लीतलं गटार दुसऱ्या

नगरपालिकेत कामाला गेलेला माणूस सहसा चुकीच्या दारात उभा असतो. घराचा नकाशा पास करायचाय म्हणून नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसतो आणि गल्लीतल्या गटारासाठी बांधकाम विभागातल्या इंजिनिअरच्या मागं फिरतो, दोन्हीकडं चहा मिळतो आणि दोन्हीकडनं "बघतो" एवढंच उत्तर. खरं तर घराचा परवाना हा सभेचा विषयच नाही, तो नियमाचा विषय आहे, छाननी नगररचना विभागाची आणि सही मुख्याधिकाऱ्याची, तिथं नगरसेवकाच्या मताला कागदावर काही किंमत नाही. आणि गटार, रस्ता, दिवे, बाग हे पैशाचे विषय, कुठल्या हेडमधनं, म्हणजे निधीच्या कुठल्या खात्यातनं, किती पैसे कुठल्या गल्लीत जाणार हे समितीत आणि सभेत ठरतं, तिथं एकटा इंजिनिअर काही करू शकत नाही, त्याचं काम कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक म्हणजे एस्टिमेट करून द्यायचं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मे हेलपाटे वाचतात.

हे सगळं नगरपरिषद आणि नगरपंचायतीबद्दल लिहितोय, म्हणजे १९६५ चा नगरपरिषदा-नगरपंचायतींचा अधिनियम जिथं लागू आहे तिथलं. महानगरपालिकेत आयुक्त असतो, कायदा वेगळा, त्यामुळं पुण्यातल्या मेव्हण्यानं सांगितलेलं तुमच्या गावात चालेलच असं नाही. आपल्याकडं वर्ग असतात, लोकसंख्या १ लाखाच्या वर गेली की अ वर्ग, ४० हजार ते १ लाख ब, त्याखाली क. क वर्गात आणि नगरपंचायतीत बऱ्याचदा नगररचनेचा माणूस एकच असतो आणि त्याच्याकडंही शेजारच्या गावाचा अतिरिक्त कार्यभार, मग तो आठवड्यातनं ठराविक वारीच बसतो. आधी फोन करून वार विचारून घ्या, रिकाम्या खुर्चीचं दर्शन घेण्यात अर्थ नाही.

आणखी एक. कित्येक गावांत मधली काही वर्षं निवडणुकाच झाल्या नव्हत्या, प्रशासक बसला होता, त्यामुळं सभा, समित्या, ठराव ही भानगड लोकं विसरून गेली होती. डिसेंबर २०२५ मध्ये मोठ्या संख्येनं नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, आता परत नगराध्यक्ष आहेत, नगरसेवक आहेत, अजेंडा निघतो. तो वाचायची सवय लावून घ्या, पुढं कामाला येणारे.

घराचा परवाना

नकाशा काढणारा खाजगी इंजिनिअर गाठायच्या आधी कागद बघा, कारण फाईल अडते ती नकाशावर कमी आणि मालकीवर जास्त. सातबारा असेल तर सातबारा, सिटी सर्व्हेत असाल तर प्रॉपर्टी कार्ड म्हणजे मिळकत पत्रिका, भूमी अभिलेखची मोजणीची 'क' प्रत, खरेदीखत, मंजूर लेआउटची प्रत आणि बिनशेतीचा जो काही कागद असेल तो, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला. आता गावाकडं होतं काय, की उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असतं, त्यांना जाऊन वीस वर्षं झालेली, वारसनोंद झालेली नाही, किंवा झालीये पण त्यात दोन आत्या पण आहेत आणि त्या लग्न होऊन सांगली-सोलापूरला. घर तुम्ही एकटे बांधणार, पैसे तुमचे, पण जागा सगळ्यांची, म्हणून सगळ्यांचं संमतीपत्र लागतं नाहीतर वाटणी करून तुमचा हिस्सा वेगळा करून घ्यावा लागतो. हे काम महिना दोन महिने खातं आणि त्यात पालिकेचा काही दोष नसतो, तेव्हा ते सगळ्यात आधी सुरू करा, दिवाळीला आत्या माहेरी येते तेव्हा सही घ्या, नंतर स्पीडपोस्टनं कागद फिरवत बसायला लागतं.

दुसरं म्हणजे झोन दाखला आणि भाग नकाशा. जागा विकत घ्यायची असेल तर व्यवहाराच्या आधी काढा, घेऊन झाल्यावर नाही. शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, तुमचा प्लॉट रहिवास झोनमध्ये आहे का, त्यावर शाळेचं, भाजी मंडईचं आरक्षण पडलंय का, समोरचा रस्ता आज सहा मीटर दिसतोय पण डीपीत बारा मीटर दाखवलाय का, हे या दोन कागदांत कळतं. रस्ता रुंदीत जागा जात असेल तर नकाशा उरलेल्या जागेवरच बसवावा लागतो, मग आतली खोली लहान होते. लोकसेवा हक्काच्या यादीत झोन दाखल्याला ७ दिवस आणि भाग नकाशाला ३ दिवस अशी मुदत दिलेली असते, पालिकेत भिंतीवर तो फलक लावलेला असतो, बहुतेक वेळा कपाटाच्या मागं.

नियम कुठले लागतात? ३ डिसेंबर २०२० पासून राज्यात एकच एकत्रित नियमावली आहे, सगळे तिला युनिफाईड डीसीआर म्हणतात. मुंबई, एमआयडीसी, लोणावळा, थंड हवेच्या ठिकाणच्या पालिका, इको सेन्सिटिव्ह भाग वगैरे त्यातनं वगळलेत. त्याआधी प्रत्येक गावाचं वेगळं होतं, आता निदान पुस्तक एक आहे. पुस्तक जाडजूड आहे, अख्खं वाचायच्या भानगडीत पडू नका, पण दाट वस्तीचा म्हणजे गावठाणाचा भाग आणि बाहेरचा भाग यांचे नियम वेगळे आहेत एवढं लक्षात ठेवा, आणि तुमचा प्लॉट कशात मोडतो ते इंजिनिअरला पहिल्याच भेटीत विचारा. समास म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा किती सोडायची, किती मजले चढवता येणार, सगळं त्यावर आहे.

लहान प्लॉटवाल्यांसाठी यात एक चांगली सोय आहे जी अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत असेल तर परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टच्या सहीचा नियमात बसणारा नकाशा आणि कागद दाखल करायचे, फी भरायची, ती पावती हीच परवानगी धरली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरला १० दिवसांत परवानगी द्यायची आहे. दीडशे मीटर म्हणजे साधारण सोळाशे स्क्वेअर फूट, गावातले निम्म्याहून जास्त प्लॉट त्यात येत असतील. पण याचा अर्थ "परवानगी लागतच नाही" असा कोणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका, नकाशा दाखल करावाच लागतो, पैसे भरावेच लागतात आणि नियम मोडला तर सही करणारा इंजिनिअर आणि तुम्ही दोघंही अडकता. उलट गिलावा, फरशी, रंग, तेवढ्याच उंचीवर पत्रा किंवा कौलं बदलणं असल्या दुरुस्तीला परवाना लागत नाही, तिथं उगाच कोणी नोटिशीची भीती घातली तर कुठल्या नियमाखाली ते लेखी मागा.

फाईल आता बीपीएमएस म्हणजे महावास्तू पोर्टलवर ऑनलाईन टाकली जाते, इंजिनिअरच्या लॉगिनमधनं. इथं एक करा, अर्ज भरताना मोबाईल नंबर तुमचा टाकायला लावा, इंजिनिअरचा किंवा त्याच्या ऑफिसातल्या पोराचा नको. नाहीतर त्रुटी निघते, ती महिनाभर त्याच्या लॉगिनला पडून राहते, आणि तुम्हाला तो सांगतो की "पालिकेत अडकलंय". कधीकधी खरंच पालिकेत अडकलेलं असतं, कधी नसतं, मेसेज तुमच्या फोनवर आला की भांडण कोणाशी करायचं ते तरी कळतं.

पैशाचं बघा. विकास शुल्क रेडीरेकनरच्या म्हणजे जमिनीच्या सरकारी दरतक्त्याच्या दरावर निघतं, रहिवासासाठी जमिनीवर अर्धा टक्का आणि बांधकामावर २ टक्के, दुकान वगैरे व्यापारी असेल तर दुप्पट. त्याशिवाय छाननी फी, जास्तीचा एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र घेतलं तर प्रीमियम, आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर, त्यात स्वतःला राहायचं घर आणि खर्च ५० लाखांपर्यंत असेल (नव्या कामगार संहितेच्या आधी ही मर्यादा १० लाख होती) तर उपकर माफ आहे, हे क्लार्क आपणहून सांगेलच असं नाही. हे सगळं चलनावर येतं आणि त्याची पावती मिळते. पावतीच्या बाहेर जे काही मागितलं जातं त्याबद्दल मी काय सांगणार, सगळ्यांना माहीत आहे, फक्त एवढंच की ज्याची फाईल स्वच्छ आहे त्याला नाही म्हणायला जास्त बळ असतं.

छोट्या प्लॉटची सवलत सोडली तर मुदत ६० दिवसांची. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ४५ प्रमाणं साठ दिवसांत होकार-नकार काहीच कळवलं नाही तर परवानगी दिली असं मानतात. पण यात पाचर आहे, त्रुटी काढली असेल तर तुम्ही उत्तर दिल्यापासून दिवस मोजतात, आणि मानीव परवानगी मिळाली तरी बांधकाम नियमातच बसलं पाहिजे, नियमाबाहेरच्या नकाशाला मानीव परवानगीचं कवच मिळत नाही. म्हणून साठावा दिवस उलटला की लगेच पाया खणायला घेऊ नका, "मुदत संपलेली असून कलम ४५ प्रमाणे परवानगी मानीव समजण्यात येत आहे" असं पत्र आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांची नोंद होते त्या टेबलावर, देऊन पोच घ्या. निम्म्या वेळा त्या पत्रानंतरच फाईल हलते. परवानगी नाकारली तर कारण लेखी मिळतं, त्यावर ४० दिवसांत शासनाकडं अपील आहे, कलम ४७.

परवाना मिळाल्यावर लोकं निवांत होतात. तो दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो, एकूण चार वर्षांपर्यंत चालतो. छोट्या प्लॉटच्या सवलतीत नसाल तर जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी करून घ्या, कारण समास चुकला असेल तर तो जोत्यालाच सापडतो आणि तिथंच दुरुस्त होतो, स्लॅब पडल्यावर नाही. आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधलेलं घर वापरायला पालिकेनं दिलेला दाखला. हे आपल्याकडं कोणी घेतच नाही, वास्तुशांत झाली, पंगत उठली, संपलं. मग दहा वर्षांनी घर विकायला काढलं की बँक घेणाऱ्याला कर्ज देत नाही आणि तो किमतीत पाडून मागतो. मंजूर नकाशात आणि प्रत्यक्षात किरकोळ फरक असेल तर तेव्हाच सुधारित नकाशा देऊन मोकळं व्हा.

आणि हो, "घरपट्टी भरतोय म्हणजे घर अधिकृत", हे डोक्यातनं काढून टाका. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते, वरनं शास्ती लागू शकते ती वेगळी, आणि कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. गुंठेवारीतला म्हणजे मंजुरी न घेता गुंठ्यागुंठ्यानं पाडून विकलेला प्लॉट असेल तर त्याचा कायदा वेगळा आहे, ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित करायची तरतूद आहे, त्याची फाईल आधी, घर नंतर.

नगरसेवकाचा यात काहीच उपयोग नाही का? आहे ना, फाईल विनाकारण पडून असेल तर तो सीओंना म्हणजे मुख्याधिकाऱ्यांना विचारू शकतो, सभेत प्रश्न करू शकतो. पण नियमात न बसणारा नकाशा तो बसवू शकत नाही, आणि "मी बघतो, तुम्ही बांधा" असं म्हणणाऱ्यावर तर अजिबात विसंबू नका, नोटीस तुमच्या नावानं निघते. खुद्द नगरसेवकानं किंवा त्याच्या बायकोनं अनधिकृत बांधकाम केलं तर त्याचं पद जाऊ शकतं असं १९६५ च्या नगरपरिषदांच्या अधिनियमात लिहिलंय, विरोधी गट हे कलम पाठ करून असतो.

गल्लीतलं काम

आता गटार. इथं सगळा खेळ वेळेचा आणि कागद कसा लिहिता त्याचा आहे. "आमच्या गल्लीत गटार करून मिळावे" असा अर्ज दरवर्षी शेकड्यानं येतो आणि फाईलला लागतो. पालिकेच्या इंजिनिअरला अंदाजपत्रक करायला कुठनं कुठपर्यंत, किती लांबी, पाणी कुठं सोडायचं हे लागतं, ते अर्जातच असलं की त्याला टाळायला जागा राहत नाही. असा काहीतरी लिहा:

"प्रति, मा. मुख्याधिकारी. विषय: प्रभाग क्र. ५ मधील मारुती मंदिर ते ओढा या रस्त्याच्या दक्षिण बाजूस बंदिस्त गटार बांधणेबाबत. महोदय, सदर रस्त्याची लांबी अंदाजे १४० मीटर असून दोन्ही बाजूस ३२ घरे आहेत. सध्या कच्चे गटार असून पावसाळ्यात सांडपाणी ८ घरांत शिरते. पाण्याचा नैसर्गिक उतार ओढ्याकडे आहे. तरी सदर कामाची स्थळपाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व ते येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावे ही विनंती. सोबत फोटो व रहिवाशांच्या सह्या."

पावसात पाणी शिरलेले फोटो जुलैतच काढून ठेवायचे, तारखेसकट. अर्ज दोन प्रतीत, एक आवकला द्यायची आणि दुसरीवर शिक्का, आवक नंबर आणि तारीख घेऊन घरी आणायची. क्लार्क म्हणेल "राहू द्या, साहेबांना देतो", तर राहू द्यायचं नाही, शिक्का घ्यायचाच. पुढं जे काही होईल ते त्या आवक नंबरवर होईल. त्याची एक प्रत नगराध्यक्षांना आणि एकेक प्रभागातल्या नगरसेवकांना. प्रभागात बहुतेक ठिकाणी दोन नगरसेवक असतात आणि बऱ्याचदा दोघांचं एकमेकांशी पटत नसतं, म्हणून दोघांनाही द्या, एकाला दिलं तर दुसरा ते काम 'त्याचं' समजून त्याला हातच लावत नाही.

आता हेड. गटाराला पैसे कशातनं येणार हे तुम्हाला माहीत असलं तर बोलणं एकदम बदलतं. पालिकेचा स्वतःचा फंड असतो, तो घरपट्टी-पाणीपट्टी-गाळेभाड्यातनं, क वर्गात त्यातनं पगार आणि लाईट बिल निघालं तरी नशीब. मग वित्त आयोगाचा निधी, त्यातला बंधित हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असतो. जिल्हा नियोजन समितीकडनं नगरोत्थान या शहरांसाठीच्या योजनेचा निधी येतो, रस्ता अनुदान येतं, दलित वस्तीचा निधी येतो तो त्या घोषित वस्तीतच वापरायचा असतो, दुसऱ्या आळीत पळवता येत नाही (पळवायचा प्रयत्न होतो, लक्ष ठेवा). शिवाय आमदार निधी, खासदार निधी, वैशिष्ट्यपूर्ण योजना. अकाउंटंटकडं किंवा बांधकाम विभागात सरळ विचारा की यंदा कुठल्या हेडला शिल्लक आहे आणि कुठल्या हेडचे प्रस्ताव मागवलेत. साहेब आधी चष्म्यावरनं बघतील, मग सांगतील.

वेळ म्हणजे अशी, बजेटची सभा वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास असते, तेव्हा तुमचं काम बजेटच्या आधी दिवाळीच्या आसपास अर्जात आलेलं पाहिजे. मार्च एंडला निधी परत जाऊ नये म्हणून जे काम तयार आहे त्याच्यावर पैसे पडतात, म्हणजे ज्याचं एस्टिमेट करून ठेवलेलं आहे त्याच्यावर. एस्टिमेट तयार नसलेली गल्ली कितीही गरजू असली तरी मागं राहते. आणि आचारसंहिता लागली की नवीन वर्क ऑर्डर निघत नाही, आपल्याकडं कुठली ना कुठली निवडणूक असतेच, तो काळ धरून चाला.

पुढचा प्रवास थोडक्यात: स्थळपाहणी, सरकारी दरसूचीवरनं (बोलण्यात डीएसआर) अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, दर आल्यावर स्थायी समिती, मग कार्यादेश म्हणजे वर्क ऑर्डर. यातला सभेचा भाग तेवढा नीट समजून घ्या.

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतनं एकदा तरी व्हायला पाहिजे. नोटीस सात दिवस आधी निघते, विशेष सभा असेल तर तीन दिवस, अजेंडा नोटीस बोर्डावर लागतो आणि नगरसेवकांच्या घरी जातो. विषय नंबर एक नेहमी "मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे", आणि शेवटचा नेहमी "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". माझं मत विचाराल तर अजेंडा वाचायचा तो शेवटून. कारण जे विषय आधी लोकांना कळू नयेत असं वाटतं ते ऐनवेळी येतात, दुपारी दीड वाजता, सगळ्यांना जेवायला जायची घाई असताना, आणि सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. तुमचं काम ऐनवेळच्या विषयात घालतो असं कोणी म्हणालं तर खूश होऊ नका, नियमित विषयपत्रिकेत घ्यायला सांगा, ऐनवेळच्या ठरावावर हरकत आली की ते काम लटकतं. सभा लोकांना ऐकता येते, मागं गप्प बसायचं, बोलायचा अधिकार नसतो, गोंधळ केला तर बाहेर काढतात. पण गल्लीतली दहा माणसं नुसती येऊन बसली तरी तो विषय वाचताना आवाज बदलतो, हे बघितलेलं आहे.

बांधकाम समिती असेल तर तिचा सभापती हा कामाचा माणूस, कुठली कामं आधी घ्यायची त्याची यादी बऱ्याचदा तिथं तयार होते. सभेच्या दिवशी नगराध्यक्षांना गाठण्यापेक्षा सभेच्या पंधरा दिवस आधी सभापतीला गाठा.

ठराव झाला की त्याची नक्कल मागा. ठराव क्रमांक, तारीख, रक्कम, हेड. "मंजूर झालं" असं तोंडी सांगणारे फार, ठराव क्रमांक देणारे कमी. आणि ठरावात कामाचं नाव काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर वाचा. "मारुती मंदिर ते ओढा" ऐवजी "प्रभाग ५ मध्ये विविध ठिकाणी गटार करणे" असं लिहिलेलं असलं तर समजून जा, ते विविध ठिकाण तुमच्या गल्लीच्या अलीकडंच संपू शकतं.

काम सुरू झाल्यावर

वर्क ऑर्डर निघाली की जागेवर फलक लागला पाहिजे, कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत, दोषदायित्वाचा कालावधी (बिघाड ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायची मुदत). नसेल तर त्याच दिवशी फोटो काढून अर्ज द्या. अंदाजपत्रकाची प्रत मिळवा आणि बघा आयटम काय काय आहेत. सगळं समजायची गरज नाही, तीन-चारच गोष्टी बघायच्या.

गटाराचा उतार. ही सगळ्यात मोठी गोची. आत आरसीसी, वर झाकणं, दिसायला एकदम चकाचक, आणि पाणी ओढ्याकडं जायच्या ऐवजी मधेच तुंबून परत घरात येतं, कारण लेव्हल धरलीच नाही. काँक्रीट ओतायच्या आधी, दोरी लावलेली असतानाच, इंजिनिअरला जागेवर बोलवा आणि वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतून दाखवायला सांगा. लाजू नका, ठेकेदाराचा मुकादम हसेल, हसू द्या.

रस्ता असेल तर जाडी आणि खोदाई. जुना रस्ता न उकरता त्यावरच नवीन काँक्रीट टाकलं की रस्ता घराच्या उंबऱ्याच्या वर येतो, आणि पहिल्याच पावसात पाणी ओटा ओलांडून आत. एस्टिमेटमध्ये जुना थर काढणं, खोदाई, खडीकरण हे आयटम असतात, त्याचे पैसे धरलेले असतात. खोदाई झालीच नाही आणि एमबीत म्हणजे मोजमाप पुस्तकात लिहिली गेली तर बिल निघतं. म्हणून खोदलेल्या खड्ड्यात मोजपट्टी धरून फोटो काढा, न खोदलेल्या रस्त्याचा तर नक्की काढा. काँक्रीटवर पोती-पाणी किती दिवस मारतात बघा, मे महिन्यात ओतून दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सोडला की ते काँक्रीट दिवाळीपर्यंत खडी सोडायला लागतं. निविदा वीस-पंचवीस टक्के बिलो म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी दरानं गेलेली असेल तर जरा जास्तच लक्ष ठेवा, तेवढं खाली जाऊन ठेकेदार पदरचे पैसे घालणार नाही हे उघड आहे, तो सिमेंटमध्येच काढणार.

भांडायचं असेल तर ठेकेदाराशी भांडू नका, त्याचा तुमचा करार नाही. पालिकेला लेखी द्या आणि त्यात "कामाचे अंतिम देयक अदा करण्यापूर्वी पाहणी व्हावी" हे वाक्य घाला. बिल थांबायची भीती निघाली की सगळे जागेवर हजर होतात.

दाद कुठं मागायची

पायरीपायरीनं जा. परवाना, दाखले यांची मुदत उलटली तर लोकसेवा हक्क कायदा २०१५, पालिकेतच प्रथम अपील, मुदत ३० दिवसांची, अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. कागद हवे असतील तर माहिती अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर २० रुपयांच्या स्टॅम्पवर प्रथम अपील. अर्जात "सदर कामाची संपूर्ण माहिती" असं मागू नका, तसं मागितलं की "माहिती विस्तृत आहे" म्हणून परत येतं. नेमकं मागा: अमुक ठराव क्रमांकाच्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, अदा केलेल्या देयकांच्या प्रती. त्यापेक्षाही बरं म्हणजे अभिलेख तपासणी मागा, स्वतः बसून फाईल चाळा, हवी ती पानं सांगा, पानाला २ रुपये. फाईल चाळताना जे सापडतं ते प्रश्न विचारून कधीच सापडत नाही.

लोकशाही दिन असतो, तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि कलेक्टर ऑफिसला पहिल्या सोमवारी, अर्ज ठराविक नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, ऐनवेळी कागद घेऊन गेलात तर घेतील पण तो त्यात धरणार नाहीत. आणि सभेचा ठरावच बेकायदा वाटत असेल, म्हणजे बागेच्या जागेवर गाळे वगैरे, तर अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्या ठरावाची अंमलबजावणी तहकूब करू शकतात. त्यासाठी ठरावाची नक्कल लागते आणि लवकर जावं लागतं, गाळे बांधून उद्घाटन झाल्यावर गेलात तर तहकूब करायला काही उरत नाही.

काम पूर्ण झाल्यावर एकच तारीख लिहून ठेवा, दोषदायित्व कालावधी संपायची. कामाच्या प्रकाराप्रमाणं तो कमीजास्त असतो, करारनाम्यात असतो, फलकावरही असायला पाहिजे. तोपर्यंत झाकण फुटलं, काँक्रीट उखडलं, जॉइंट सुटला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचंय आणि त्याची सुरक्षा ठेव पालिकेकडं अडकलेली असते. मुदत संपायच्या दोन महिने आधी अख्खी गल्ली एकदा चालून या, जिथं जिथं बिघडलंय तिथले फोटो काढा, आणि "ठेव परत करण्यापूर्वी खालील दुरुस्त्या करून घ्याव्यात" असा अर्ज परत आवकला, शिक्का घेऊन.